सान आमारोची तिसरी काहील

फिलिपाइन्सहून परत आल्यावर शिरोलीत जो तो मला मनिलाचं विचारायचा. इमारती किती मजली, रस्ते कसे, गाड्या कुठल्या. मी सगळ्यांची निराशा केली. मनिलात मी जेमतेम दीड दिवस होतो आणि त्यातला अर्धा दिवस कस्टमच्या बाकड्यावर गेला. मी जे पाहून आलो ते एक गाव आहे. पनाय नावाच्या बेटावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं सान आमारो. माझ्याजवळच्या नकाशात ते नाही. पण तिथं जे घडलं ते मला आयुष्यभर पुरेल, म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी आम्ही तिथं कशाला तडमडलो ते सांगतो. आमचं घराणं कागलकडचं, जैन शेतकऱ्याचं. शेती सोडून लोखंडात हात घालणारा घरातला मी पहिला. शिरोली एमआयडीसीत माझी लहानशी फौंड्री आहे आणि आम्ही उसाचे चरक ओततो. ऊस पिळायचा चरक कोल्हापूर भागात कुणाला समजावून सांगायला नको, आणि आमचा चरक चांगला आहे हेही सांगायला नको.

आणीबाणीच्या आधी सहकाराचं शिक्षण घ्यायला परदेशातले काही लोक पुण्याला आले होते. त्यांना आपल्याकडचे साखर कारखाने दाखवायला आणलं. त्यातल्या एक बाई कागलजवळच्या गुऱ्हाळावर रस प्यायला थांबल्या आणि कारखान्याचं नाव विसरून तासभर तिथंच उभ्या राहिल्या. चरकावर माझ्या फौंड्रीचं नाव ओतलेलं होतं. ते वाचून त्या शोधत शिरोलीला आल्या. बाईंचं नाव लुर्देस. सान आमारोच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस आणि तिथल्या छोट्या ऊसवाल्यांच्या संस्थेच्या चिटणीस. त्यांच्या गावात म्हशीच्या घाण्यावर ऊस पिळून कढईत काळीकुट्ट भुकटी साखर करत. तिला ते कलमाय म्हणतात. ती बाजारात कुणी विचारेना. आमचा सोन्यासारखा पिवळा गूळ बाईंच्या डोळ्यांत भरला होता.

अडीच-तीन वर्षं पत्रं चालली. शेवटी आणीबाणी उठल्याच्या पुढच्या हिवाळ्यात ठरलं. पण तिथल्या मेयरनी अट घातली होती. चरक पाठवा, माणसं घेऊन या, तीन काहिली, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढया, उतरवून दाखवा. पहिल्या दोन तुमच्या माणसानं, तिसरी मात्र आमच्या गावच्या माणसानं. तिसरीचा गूळ बसला तरच चरक ठेवू. बाईंनी गावाला शब्द दिला होता, की जमेल. नाही जमलं तर चरक परत जहाजात चढणार होता आणि गावात बाईंचं पुन्हा कुणी ऐकणार नव्हतं.

चरक बोटीनं पुढे गेला. मागून मी आणि शिदबातात्या विमानानं.

शिदबातात्या गुळव्या. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. वय साठीच्या पुढचं, डोक्याला पटका, दोन्ही हातांवर पाकाचे जुने डाग. अक्षरओळख नाही, पण कागल भागात त्यांच्या हातचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, म्हटली की व्यापारी फोडून बघत नसत. तात्यांनी पेटीत रानभेंडीच्या खोडांचा भारा भरून घेतला होता. भेंडीचं खोड कुटून त्याचा चिकट रस काहिलीत सोडला की सगळी मळी वर येते, ती काढली की गूळ पिवळा होतो. मनिलाच्या कस्टमनं ती पेटी उघडली. झाडपाला देशात आणायचा नाही असा त्यांचा नियम.

"आवो पावणं, ह्यो पाला न्हाय," तात्या चढ्या आवाजात त्या साहेबाला मराठीतच सांगत होते. "भेंडी हाय ही! गुळाला लागती की!"

साहेब हसला, तात्यांना खुर्ची दिली आणि भेंडी ठेवून घेतली.

सान आमारो

गावाच्या मधोमध चौक आहे, त्याला प्लासा म्हणतात. एका अंगाला दगडी चर्च, समोर म्युनिसिपिओ म्हणजे नगरपालिकेची लाकडी माडी, तिसऱ्या अंगाला शाळा. चौथ्या अंगाला समुद्र. माझ्यासारख्या कोरड्या गावच्या माणसाला कचेरीच्या खिडकीतून समुद्र दिसतो याचंच पहिले दोन दिवस अप्रूप वाटत राहिलं. गावाच्या वाड्यांना बारिओ म्हणतात. आपल्याकडे पेठेगणिक तालीम असते तसा तिथं बारिओगणिक बास्केटबॉलचा खांब. चप्पल नसलेली माणसंही तिथं संध्याकाळी घाम गाळून खेळतात. देशात लष्करी कायदा होता, म्युनिसिपिओच्या दारात बंदूकवाला शिपाई असायचा, पण तोही अधूनमधून बंदूक भिंतीला टेकवून चेंडू टाकून यायचा.

माणसं मात्र आपल्या वळणाची. थोरल्या बाईला मानांग म्हणायचं, आपण आक्का म्हणतो तसं. थोरल्या पुरुषाला मानोंग. कुणाच्याही दारावरून गेलं की आतून हाक येते, "काऊन ता!" म्हणजे या जेवायला. आपल्याकडेही म्हणतात, पण तिथं म्हणून थांबत नाहीत, ताटच मांडतात. माझी तिथं पंचाईत झाली. मी मांस-मासे खात नाही म्हटल्यावर एका घरच्या बाईंनी मोठ्या प्रेमानं भाजी वाढली आणि सांगितलं, यात मांस अजिबात नाही, चवीपुरतं डुक्कर आहे. शेवटी माझं पोट भात, ओला नारळ आणि रताळ्यांवर आलं. आमच्याकडे कंदमुळं वर्ज्य. हे आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता लिहून बसलो आहे.

आम्ही उतरलो होतो मानांग लुर्देस यांच्याच घरी. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही हे त्यांनी पहिल्या दिवशीच हेरलं. दुसऱ्या दिवसापासून त्या घराची जेवायची वेळच बदलली. सगळं घर उन्हं असताना जेवायला बसू लागलं. मी ओशाळून म्हटलं, माझ्या एकट्यासाठी कशाला? त्या म्हणाल्या, "पाहुणा एकटा जेवला तर त्याला आम्ही जेवण म्हणत नाही."

चरक गावाबाहेरच्या नारळाच्या बागेत बसवला. डिझेल इंजिन सुरू झालं, पहिला ऊस आत गेला आणि रसाची धार लागली तेव्हा आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. आधी त्यांचा म्हशीचा घाणा चालायचा. त्यातून निघालेलं चिपाड आमच्या चरकात पुन्हा घातलं, तर पुन्हा रस निघाला. मेयर हे बघायला आले होते. अंगानं भारदस्त, बोलायला मोजके. त्यांनी चरकावर ओतलेल्या माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लोखंड चांगलं आहे. पण लोखंड गूळ करत नाही." मला राग आला. पण म्हणणं खरं होतं.

भेंडीचा वाफा

पहिल्या काहिलीच्या दिवशी सकाळीच तात्या गायब. ऊस पिळून झाला, चुलवाण पेटलं, काहीलभर रस तापायला लागला तरी त्यांचा पत्ता नाही. मग नारळीच्या झाडांतून येताना दिसले. दोन्ही काखांत मुळासकट उपटलेली भेंडीची झाडं, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बाळासाब, ह्या मुलकात बी भेंडी हाय की! आन् कसली, मनगटाएवढ्या खोडाची. रांगंनं लावल्याली!"

मी विचारायला हवं होतं, कुणी लावलेली. विचारलं नाही. काहील उकळायला आली होती आणि मला पिवळा गूळ हवा होता.

भेंडी कुटली, रस सोडला, मळीचा जाड थर वर आला. तात्यांनी तो काढला. खालचा रस निवळला तशी बघ्यांत कुजबुज सुरू झाली. इतका स्वच्छ रस त्यांनी कधी पाहिला नव्हता. गूळ उतरला तो असा, की कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला लावला असता तरी व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या असत्या. मानांग लुर्देसनी एक खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "नामित," म्हणाल्या. म्हणजे गोड, रुचकर. मी त्या दिवशी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

दुपारी शाळेची मुलं आली. दहा-बारा जण. त्यांनी हेडमिस्ट्रेसबाईंना हात धरून शाळेमागे नेलं. मीही मागे गेलो. शाळेच्या भाजीच्या बागेत एक अख्खा वाफा रिकामा पडला होता. प्रत्येक झाडापुढे रोवलेल्या काड्या तशाच उभ्या होत्या, काडीवर लावणाऱ्या मुलाचं नाव. तिसऱ्या दिवशी शाळांचे तपासनीस बागांची पाहणी करायला येणार होते. सगळ्या बारिओंतल्या शाळांची चढाओढ होती आणि सान आमारोची भिस्त या भेंडीवर होती.

मानांगनी एकदा माझ्याकडे बघितलं. तशाच परत गेल्या आणि मुलांना वर्गात बसवलं.

मी तात्यांवर असा भडकलो की तिथल्या लोकांना मराठी कळत नाही याचं बरं वाटलं. तात्या आधी चक्रावलेच.

"आसं कसं बोलताय? गुळव्यानं बांधावरची भेंडी उपाटली तर कोन इचारतंय व्हय? उलट मालक म्हनतोय, न्या की आनखी! कागलात मी हयातभर कुनाच्या बी बांधावरची उपाटलीया."

हे खरं आहे. हंगामात गुळव्यानं कुणाच्याही रानातून भेंडी न्यावी, आपल्याकडे तिच्यावर मालकी कुणी सांगत नाही. ती गुऱ्हाळाचीच समजतात. पण ते आपल्याकडे.

"तात्या, ती शाळेच्या पोरांनी लावलेली होती. एकेका पोरानं एकेक झाड."

तात्यांच्या हातातला झारा खाली आला. "पोरांनी?" म्हणाले आणि चुलवाणाच्या कडेला बसले. त्या दिवशी त्यांनी जेवायला नकार दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते शाळेत गेले. मी मागे. तात्यांनी कुणाला न विचारता फावडं उचललं आणि रिकामा वाफा खणायला घेतला. मुलं लांब उभी राहून बघत होती. मग एक बाई आपल्या परसातलं भेंडीचं झाड मातीच्या ढेकळासकट घेऊन आली. तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मग दुसरी आली. म्युनिसिपिओचा तो शिपाईसुद्धा दोन झाडं घेऊन आला. दुपारपर्यंत वाफा भरला. तात्या एकेक झाड लावायचे, मुलांकडून काडीवरचं नाव वाचून घ्यायचे आणि त्या मुलाच्या हातानं पाणी घालायचे. वरून केळीच्या पानांची सावली केली.

तरी निम्मी झाडं माना टाकून होती. तपासनीस आले तेव्हा मानांगनी त्यांना जे झालं ते सरळ सांगितलं. लपवलं नाही, आमच्यावर ढकललंही नाही. बक्षीस शेजारच्या बारिओतल्या शाळेला गेलं. संध्याकाळी आमच्या घरची पंगत नेहमीसारखी उन्हं असताना बसली आणि मानांगनी मला नेहमीसारखं रताळं वाढलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तिसरी काहील

दुसऱ्या काहिलीच्या सकाळी तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळासाब, त्या मास्तरीनबाईला सांगा, आज माझ्याशेजारी हुबं ऱ्हायचं, तिसरी काहील तिनंच उतरायची. मी शिकवतो."

"काय शिकवता?"

"पाक."

ज्यांना गुऱ्हाळ माहीत नाही त्यांना सांगतो, गुळव्या सगळं दाखवेल, पण पाक उतरवायचा नेमका क्षण कसा ओळखायचा हे दाखवत नाही. ती त्याची भाकरी असते. तात्यांच्या स्वतःच्या मुलाला त्यांनी अजून ते दिलं नव्हतं. मुलगा आठ वर्षं चुलवाणाला जाळ घालत होता. येताना त्यांनी गावच्या माणसाला वरवर दाखवायचंच कबूल केलं होतं, तिसरीचं पुढचं नशिबावर.

"पोरांचं नुकसान केलं मी," तात्या म्हणाले. "तिचं बी केलं. आता माझ्यापाशी द्यायला दुसरं काय हाय?"

त्या दिवशी दोघं काहिलीपाशी उभे राहिले. मध्ये मी, मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करत. थोड्या वेळानं माझी गरज उरली नाही. पाण्यात पाकाची गोळी वळून बघायची हे मानांगना ठाऊक होतं, त्यांच्या वडिलांनी हयातभर कलमाय केलं होतं. पण कलमाय भुकटी होईपर्यंत आटवतात, गूळ त्याच्या बराच आधी उतरवावा लागतो. आणि बोटांना कळायच्या आधी ते कानाला कळतं. तात्यांनी मानांगचे डोळे मिटायला लावले. उकळीचा आवाज आधी पातळ असतो, मग जड होत जातो, मग एका जागी थबकल्यासारखा होतो. तात्या तोंडानं तो आवाज काढून दाखवत होते आणि शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाई त्यांच्यामागून तसाच आवाज काढत होत्या. बघे हसत होते. ती दोघं हसत नव्हती.

तिसऱ्या काहिलीला सगळा गाव लोटला. न मागता घराघरांतून भेंडीची झाडं आली होती. इतकी, की निम्मी परत द्यावी लागली. मेयर खुर्ची टाकून बसले. मानांगनी साडेतीन-चार तास मळी काढली, जाळ कमी-जास्त करवला. आठ माणसं बांबू घेऊन काहिलीच्या कड्यांपाशी तयार होती. तात्या दहा पावलं मागे, हात पाठीमागे बांधून उभे. मी त्यांच्याकडे बघत होतो, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ती अटच होती.

पाक घट्ट व्हायला लागला. मानांगनी डोळे मिटले. गर्दीतले म्हातारे ऊसवाले आपापसात बोलू लागले. मेयर पुढे झुकून म्हणाले, "लुर्देस, घाई करू नकोस. तुझे वडील अजून बराच वेळ आटवायचे." बांबू धरलेल्यांतल्या एकानं बांबू खाली टेकवलासुद्धा.

"हाक्वात!" मानांग ओरडल्या. उचला!

कुणी हललं नाही. त्यांना ते फार लवकर वाटत होतं. मलाही वाटलं. मानांग पुन्हा ओरडल्या, या वेळी वर्गात ओरडतात तशा, आणि आठही जणांनी झटक्यात काहील उचलली. त्यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी होते. पाक निववायच्या वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतला गेला. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी पाठीमागचे हात सोडले होते.

गूळ निवेपर्यंतचा वेळ मी इथं लिहीत नाही. तो कसा गेला ते मलाही नीट आठवत नाही. साच्यातून रवा उलटा केला तेव्हा तो ढासळला नाही, चिकटला नाही, अंगचा पिवळा रंग घेऊन ताठ उभा राहिला. मेयर खुर्चीतून उठले. बोटाच्या गाठीनं रव्यावर टकटक केलं, एक कोपरा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.

"चरक राहू दे," ते म्हणाले.

नारळीची बाग दणाणून गेली. त्या चरकावर माझ्या फौंड्रीचं नाव आहे, शिरोलीचं नाव आहे, आणि कोल्हापूरचं लोखंड समुद्रापार उभं राहिलं याचा मला अभिमान होताच. पण त्या घडीला कुणी चरकाकडे बघत नव्हतं, मीसुद्धा नाही. मानांग लुर्देस गर्दीतून वाट काढत तात्यांपाशी आल्या. ज्या बाईंना निम्मं गाव वाकून नमस्कार करतं, त्यांनी तात्यांचा पोळलेल्या डागांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि वाकून तो आपल्या कपाळाला टेकवला.

तात्यांना वाटलं, बाई डाग बघताहेत. "जुनाच हाय तो," म्हणाले. "आता दुखत न्हाय."

"तात्या," मी म्हटलं, "इकडे थोरल्याच्या पाया पडायची रीत ही अशी आहे. त्या तुमच्या पाया पडताहेत."

तात्या गडबडले. हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी डोक्यावरचा पटका नीट केला.

"मग मला बी कायतरी म्हनाया पायजे की," ते म्हणाले. आणि सबंध गावासमोर, खणखणीत कोल्हापुरी आवाजात त्यांनी आशीर्वाद दिला, "बाई, तुझी काहील कदी करपायची न्हाय!"

मी त्याचं इंग्रजी करायला तोंड उघडलं, पण पहिला शब्द मराठीतच निघाला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.